आधी शिल्लक दाखवा

"हसू नकोस रे. इंजिनाचा फोटो काढतेय, तुझ्या मुंजीचा नाही."

रेवानं दरडावलं तरी अनुज ऐकतोय कसला. पंपघरातल्या ऑइल इंजिनाच्या भल्यामोठ्या चाकावर कोपर टेकवून, छाती पुढे काढून तो उभा होता. त्याच्या मागे फेबियन दोन्ही हात वर करून एक चादर धरून ताटकळला होता. मागचं भंगार फोटोत दिसलं तर गिऱ्हाईक पळून जाईल, हे अनुजचंच म्हणणं.

"लवकर काढ गं," फेबियन म्हणाला. "चादर मम्मीला न विचारता आणलीय. तिला कळलं तर इंजिनाच्या आधी ती मला विकायला काढेल."

अनुज बाजूला झाला, रेवानं फोटो काढला आणि सुजयकाकाच्या फोनवरून जाहिरात टाकली: 'चालू स्थितीतलं ऑइल इंजिन. किंमत अठरा हजार. ऐकून घ्या, मग बोला.'

ही रेवा निर्मळची, तेरा वर्षांची. बोलायला लागली की घरातले मोठे घड्याळाकडे बघायला लागायचे. अनुज तिचा आतेभाऊ, विरारच्या चंदनसारहून सुट्टीला आलेला. फेबियन शेजारच्या वाडीतला. आणि या तिघांनी मे महिन्याची अख्खी सुट्टी एका कामाला वाहिली होती, ते म्हणजे बावखल वाचवणं.

बावखल म्हणजे वाडीच्या मधोमध खणलेला गोड्या पाण्याचा डोह. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि उन्हाळ्यात केळींना, पानवेलींना तेच पाजलं जातं. रेवा त्यातच पोहायला शिकली होती. पण आता ते गाळानं भरत आलं होतं, आणि सुजयकाकाला तिथे दोन कॉटेज आणि गाड्या लावायला जागा करायची होती. "नुसता डासांचा कारखाना झालाय तो," तो म्हणायचा. त्यानं भरावाचे डंपर सांगून ठेवले होते, सोमवारी सकाळचे.

रेवानं घर डोक्यावर घेतलं होतं तेव्हा. दोन दिवस जेवली नव्हती आणि काकाशी बोलली नव्हती, यातलं दुसरं काकाला जास्त लागलं. शेवटी तो वैतागून सगळ्यांसमोर म्हणाला, "बरं बाई. रविवारपर्यंत गाळ काढायचा खर्च जमवून दाखवा. मी डंपर रद्द करून मशीन बोलावतो."

पोरांच्यानं होणार नाही, असं त्याला वाटलं होतं. पण पोरांनी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकली, भावकीतल्या एकेका दारात जाऊन उभी राहिली, मुंबईतल्या मावशीला फोनवर रडवलं. जमलेले सगळे पैसे काकाच्याच खात्यात होते. कमी पडत होते ते आजोबांनी भरून दिले, म्हणजे पैसे नाही, इंजिन दिलं. "विजेची मोटार आल्यापासून पडूनच आहे. विका," एवढंच हरिश्चंद्र आजोबा म्हणाले.

आज शनिवार होता.

जाहिरात टाकून तिघं न्याहारीला बसतात न बसतात तोच काका ओसरीवरून हाक मारत आला. "विकलं गेलं तुमचं इंजिन. विक्रांत शेठ म्हणून आहेत, कळंबला मोठं रिसॉर्ट आहे त्यांचं. किंमत मान्य. पैसे आत्ता पाठवतो म्हणाले, न्यायला टेम्पो उद्या."

अनुजनं घासासकट आरोळी ठोकली. रेवाचा हात मात्र ताटातच राहिला.

"घासाघीस नाही केली त्यानं?"

"नाही."

"चालू करून दाखवा म्हणाला?"

"नाही म्हणाला. बडा माणूस आहे गं, त्याला कुठे वेळ?"

"काका, आपल्याकडे केळ्याची फणी घेणारासुद्धा ती चार वेळा उलटीपालटी करून बघतो. आणि इंजिन न ऐकता घेतलं?"

"तुला विकायचंय की नाही ते आधी ठरव," काका म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी काकाच्या फोनवर मेसेज आला. काकानं तो मोठ्यानं वाचला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. खात्यात एक्क्याऐंशी हजार रुपये जमा. पाठोपाठ विक्रांत शेठचा फोन. त्यांच्या माणसानं आकडा उलटा टाकला होता म्हणे, अठराचे एक्क्याऐंशी झाले. वरचे तेवढे परत पाठवा, कामगारांचे पगार अडकलेत, तुम्ही सज्जन माणसं दिसता.

इथे काकानं एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कुठल्या घरात कुणी केली नसती. हरिश्चंद्र आजोबांच्या घरात एक रीत होती. दुसऱ्याचा चुकून आलेला पैसा दिवेलागणीच्या आत परत गेलाच पाहिजे. दादरच्या एका फूलवाल्यानं एकदा हिशेबात जास्त पैसे दिले, तर आजोबा वाडीच्या तोंडाशी आलेले आल्या पावली परत गेले होते. गावात अजून त्यांचं नाव निघतं त्यावरून. तर सुजयकाकानं ही सगळी कथा फोनवर विक्रांत शेठला रंगवून सांगितली, आणि वर छातीठोकपणे म्हणाला, "दिवा लागायच्या आत तुमचे पैसे तुमच्याकडे. आमच्या घरचा शब्द आहे."

"वा, वा," पलीकडून आवाज आला. "मग दिवेलागणीला मीच फोन करतो."

चोराच्या हातात कुलपाची किल्ली दिली आणि वर कोणत्या खोलीत काय आहे तेही सांगितलं, असा तो प्रकार होता. पण हे तेव्हा कुणाला कळतंय?

"काका, आधी शिल्लक बघ," रेवा म्हणाली.

काकानं बघायचा प्रयत्न केला. पण वाडीत दुपारी नेटवर्कचा नेहमीचाच लपंडाव. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. "बँकेचा मेसेज आलाय ना, आणखी काय हवंय? संध्याकाळी तळ्याच्या नाक्यावर जातो, तिथे रेंज असते. तिथूनच पाठवतो."

रेवानं फोन त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "हा मेसेज बघ. बँकेचे मेसेज बँकेच्या नावानं येतात. हा साध्या दहा आकडी नंबरवरून आलाय."

"म्हणून काय झालं? नवीन नंबर असेल."

"पैसे परत केले आणि ते आलेलेच नसले तर? आपल्या बावखलाचे जातील, काका."

काकाचा पारा चढला. "हे बघ, तुला त्या खड्ड्यापुढे काही दिसत नाही. मोठ्यांच्या व्यवहारात नाक खुपसू नकोस."

रेवा आजोबांकडे वळली. आजोबा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "पोरी, कामगारांचे पगार अडकलेत म्हणतो तो. आपल्यामुळे कुणाची चूल थांबायला नको."

"मला दिवा लागेपर्यंत वेळ द्या, आजोबा. तुमच्या रीतीत तेवढा वेळ आहेच."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "आहे. पण दिवा थांबत नाही हं."

वाडीबाहेर पडताच फेबियननं खिशातून जुना फोन काढला, त्याच्या मोठ्या बहिणीचा, जुलियानाचा. काकाचा फोन हातात आला तेवढ्यात रेवानं डोळ्यांनी खूण केली होती आणि फेबियननं विक्रांत शेठच्या प्रोफाइलवरच्या फोटोचा फोटो काढून घेतला होता. माणूस नव्हताच त्यात. होतं एक टुमदार घर, निळं फाटक आणि फाटकावर जहाजाचं सुकाणू.

"हे रिसॉर्ट खरं असेल तर मी काकाचे पाय धरेन," रेवा म्हणाली. "चला कळंबला."

"भर उन्हात?" अनुज म्हणाला.

"तू घरी थांब. सावलीत बस."

अनुज सगळ्यांत आधी सायकलवर बसला.

कळंबचा रस्ता तसा सरळ, पण मे महिन्याच्या उन्हात डांबराला पाय लावायची सोय नसते. एका वळणावर फेबियन एकदम बोलायला लागला. "मागच्या वर्षी जुलियानानं कीबोर्ड विकायला काढला होता. चर्चच्या कॉयरला वाजवायची तो. घेणाऱ्यानं कोड पाठवला, म्हणाला, स्कॅन कर, पिन टाक, पैसे येतील. तिनं टाकला. पैसे गेले."

"मग? पोलिसांत नाही गेलात?" रेवानं विचारलं.

"नाही. पप्पा म्हणाले, लोक हसतील. ती अजून कॉयरला जात नाही."

रेवानं पेडल असं मारलं की बाकी दोघं मागे पडले.

किनाऱ्यालगत सुरूची झाडं लागली, सुकत घातलेल्या जवळ्याचा वास आला. पाटी लावलेली घरं बरीच होती, पण निळं फाटक काही दिसेना. सगळी वस्ती पालथी घातल्यावर अगदी टोकाला ते सापडलं. तेच फाटक, तेच सुकाणू. ओट्यावर एक बाई जवळा निवडत बसल्या होत्या.

"विक्रांत शेठ आहेत का?" रेवानं विचारलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आता कोन गं तुमी? हितं कुनी शेठबिठ नाय. घर माजं. मालन माजं नाव. ह्या आठवड्यात तुमी तिसरी. आदी एक बाई आली, शिलाई मशीन घेऊन. मग चिंचोटीचा एक पोरगा, फ्रिज विकला म्हनला. त्याच पायरीवर बसून रडला बिचारा. पानी दिलं त्याला मी."

"पैसे गेले त्याचे?"

"गेलं की. जास्त आलं म्हनून परत धाडलं, आनि आलेलं कायच नव्हतं."

रेवा ओट्याची पायरी चढली. "मावशी, तुमच्या घराच्या फोटोवर तो माणूस लोकांना लुबाडतोय. तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मना वाटलं, पत्ता चुकला. माज्या दारात काय झालं, माजा काय दोस?"

"दोष नाही. पण आता कळलंय ना तुम्हाला," रेवा म्हणाली.

मालनमावशींनी जवळ्याचं सूप बाजूला सारलं. पोरगी आगाऊ आहे, असंच त्यांना आधी वाटलं असणार. मग त्यांनी आत हाक मारली. "देवेश, बाहेर ये. आपल्या घराचं नाव खराब करतोय कुनीतरी."

देवेशदादा, त्यांचा मुलगा, बाहेर आला. सगळं ऐकून त्यानं फाटकासमोर आईचा फोटो काढला, तक्रार कराल तेव्हा मीही येतो म्हणाला, आणि रेवानं सांगितलेला सुजयकाकाचा नंबर लावला. फोन बिझी. पुन्हा लावला. बिझी.

"तो चोर सुजयमामाशी बोलतोय," अनुज म्हणाला. "फोन ठेवूच देणार नाही त्याला."

सूर्य पाण्याकडे झुकला होता. तिघांनी सायकली जोरात पिटाळल्या. अर्ध्या वाटेत अनुजची चेन निसटली. "मी थांबत नाही," रेवा मागे न बघता ओरडली. अनुजनं सायकल एका कुंपणाला टेकवली आणि फेबियनच्या कॅरिअरवर उडी मारली.

तळ्याच्या नाक्यावर वडापावच्या गाडीजवळ सुजयकाका उभा होता. शेजारी आजोबा, धुवट सदरा घालून. दुसऱ्याचे पैसे परत करायचे म्हणजे घरच्या मोठ्यानं हजर राहायचं, तीही रीतच. स्पीकरवर विक्रांत शेठ बोलत होता, "हां, नंबर टाकलात? आता पिन टाका. फोन ठेवू नका हं."

काकाचं बोट पडद्यावर टेकणार, तेवढ्यात रेवानं सायकल आडवी घातली आणि पूर्ण पंजा फोनवर ठेवला.

"आधी शिल्लक दाखव."

"रेवा, हात काढ."

"नाही काढणार."

नाक्यावरची माणसं वळून बघायला लागली. काका लाजेनं लाल झाला. आजोबा म्हणाले, "पोरी, दिवेलागण झाली. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे आहे."

"आजोबा, दुसऱ्याचा पैसा ठेवायचा नाही, मान्य. पण तो आपल्याकडे आलाय, हे कुणी बघितलंय? तुम्ही दादरच्या माणसाला पैसे परत दिलेत, ते आधी तुमच्या हातात मोजलेले होते ना?"

आजोबा काकाकडे वळले. मग म्हणाले, "सुजय, शिल्लक बघ."

"बाबा, तुम्ही पण..."

"बघ म्हटलं ना."

काकानं पिन टाकून शिल्लक काढली. सकाळी होती तेवढीच. पोरांनी दारोदार जाऊन जमवलेले पैसे जसेच्या तसे, वर एक रुपयासुद्धा नाही. काकानं दोनदा बघितलं.

"झालं का साहेब?" स्पीकरमधून आवाज आला.

रेवानं फोन घेतला. तिनं आवाज अगदी गोड केला. "शेठ, पैसे हातातच देतो आम्ही. तुमच्या रिसॉर्टवर येतो. स्टेशनच्या कुठल्या बाजूला आहे?"

"अं, पूर्वेला. कळंब स्टेशनच्या पूर्वेला, दोन मिनिटांवर. पण त्रास कशाला, ऑनलाइनच टाका ना."

कळंबला स्टेशन असतं तर निर्मळचे लोक सोपारा स्टेशनला जाणाऱ्या रिक्षासाठी रांगा लावून कशाला उभे राहिले असते? नाक्यावर आधी एकजण हसला, मग वडेवाला, मग सगळेच.

"ए लडकी, मस्करी करते काय?" आवाज एकदम बदलला. "माझे एक्क्याऐंशी हजार घेऊन बसलात. पोलीस पाठवतो तुमच्या घरी."

"पाठवा ना," रेवा म्हणाली. "आम्हीच चाललोय त्यांच्याकडे. तुमचे फोनचा आणि मेसेजचा, दोन्ही नंबर आहेत आमच्याकडे. ज्या घराचा फोटो लावलाय त्या घरच्या मालनमावशी आहेत. शिलाई मशीनवाली बाई आहे, फ्रिजवाला मुलगा आहे. तुम्हाला वाटलं, सगळे लाजून गप्प बसतील. आम्ही नाही बसणार."

फोन कट झाला.

काका दगडी कठड्यावर बसला. "कुणाला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "गेलं नाही ना काही. उगाच गावभर हसं होईल."

"हेच," फेबियन म्हणाला. तो मोठ्यांसमोर सहसा तोंड उघडायचा नाही. "हेच माझे पप्पा म्हणाले होते. म्हणून तो माणूस अजून फोन करतोय."

काकानं मान वर केली. मग त्यानं स्वतःच १९३० हा सायबर फसवणुकीचा तक्रार नंबर लावला आणि सगळं सांगितलं, रीतीची कथा फोनवर सांगितल्याचंसुद्धा. त्यानंतर सगळे पोलीस चौकीत गेले. वाटेत फेबियननं घरून जुलियानाला बोलावून घेतलं. ती आली, आणि तिनंही आपली तक्रार लिहून दिली.

"हे पोरांनी शोधलं?" चौकीतल्या हवालदारांनी चष्मा वर करून विचारलं. "इथे शिकलेसवरलेले लोक पैसे घालवून येतात, आणि तुम्ही पैसे जायच्या आधी आलात. शाबास."

पण इंजिन अजून पंपघरातच होतं, आणि डंपर सोमवारी सकाळीच यायचे होते. रेवाला झोप कसली लागतेय.

रविवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. उतरला देवेशदादा. "काल गडबडीत विचारायचं राहिलं. ते इंजिन अजून आहे का? आमच्याकडे लाइट गेली की मोटार बंद, आणि झाडं वाळतात."

त्यानं इंजिन चालू करायला लावलं. हॅंडल मारता मारता सुजयकाकाला घाम फुटला, मग इंजिन धडधडायला लागलं. देवेशदादा डोळे मिटून ऐकत उभा राहिला. बंद करायला लावलं, पुन्हा चालू करायला लावलं. तेल कुठून गळतंय ते बोटानं पुसून दाखवलं. मग भाव पाडायला सुरुवात केली आणि आजोबांशी चहाचे दोन कप होईपर्यंत भांडला. रेवाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

शेवटी भाव ठरला. देवेशदादानं फोनवरून पैसे पाठवले आणि पडदा दाखवला, हिरवी खूण आली होती. "झालं. चला, चढवू या टेम्पोत."

"थांबा," रेवा म्हणाली.

"अगं, हे बघ ना, गेले पैसे."

"गेले ते तुमच्या फोनवर दिसतंय. आले ते आमच्या फोनवर दिसू दे."

देवेशदादाचा चेहरा पडला. काल ज्यानं मदत केली, त्याच्यावरच संशय? काकू दारातून म्हणाली, "रेवा, बरं दिसतं का हे?" अनुजनंही तिची बाही ओढली. रेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण ती इंजिनाच्या पुढून हलली नाही.

आजोबा ओट्यावर बसले. त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली. "बस देवेश. आपण थांबू या. शिल्लक बघितल्याशिवाय या घरातून काही जाणार नाही आणि काही परत दिलं जाणार नाही. ही आजपासूनची रीत, माझ्या नातीनं घातलेली. ती अशीच सगळ्यांना लागू राहील, तुला आणि मलाही."

देवेशदादा हसला आणि बसला. "बरोबर आहे. त्या फ्रिजवाल्या पोराच्या घरी अशी नात असती तर."

काका फोन उंच धरून नेटवर्क शोधत चाफ्याखाली जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाला, "आले. शिल्लक वाढलीय, गाळ काढायचा खर्च भागतोय."

इंजिन टेम्पोत चढलं. टेम्पो गेला. काका घराकडे वळला, तर रेवा वाटेत उभी.

"काका, डंपरवाल्याला फोन."

"करतो गं, जेवून करतो."

"आत्ता. स्पीकरवर."

काकानं आजोबांकडे बघितलं. आजोबा मुद्दाम सुपारी शोधण्यात गुंतले होते. त्यानं सुस्कारा टाकला आणि फोन लावला.

"बोला सुजयशेठ," पलीकडून आवाज आला. "उद्या सात वाजता चार गाड्या पाठवतो. खड्डा दाखवायला कोण असेल?"

काका बावखलाकडे बघत राहिला. हिरवट पाण्यात फेबियन आणि अनुज आधीच उतरले होते, गुडघाभर गाळात.

"गाड्या नकोत," काका म्हणाला. "खड्डा नाही तो. बावखल आहे आमचं, आम्ही साफ करतोय."